वडिलांच्या केसपेपरवरचा ‘नॉक्च्युरिया’

प्रश्न असा आहे: माझे वडील ७१ वर्षांचे असून देवगड तालुक्यातील आमच्या गावच्या घरी आईसोबत राहतात. मी नोकरीसाठी डोंबिवलीला असतो. गेले दीड वर्ष ते रात्री चार-चार वेळा लघवीला उठतात. सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथी ३८ ग्रॅमची असल्याचे आले आणि केसपेपरवर ‘नॉक्च्युरिया’ असे लिहून दिले आहे. हा नेमका कोणता आजार आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रिया करावी का? त्यांना मधुमेह नाही, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे.

उत्तर:

‘नॉक्च्युरिया’ हा आजार नव्हे, ते एका तक्रारीचे वैद्यकीय नाव आहे. लॅटिनमधील ‘रात्र’ आणि ग्रीकमधील ‘मूत्र’ या अर्थाच्या शब्दांपासून ते बनले आहे. केसपेपरवर ‘ताप’ असे लिहिले म्हणून मलेरिया आहे की न्यूमोनिया हे जसे कळत नाही, तसेच या शब्दावरून आपल्या वडिलांना काय झाले आहे हे कळत नाही. आमच्या दवाखान्यात हीच तक्रार ‘डॉक्टर, रातीचा तीन-तीनदा उठूचा लागता’ या वाक्याने सुरू होते आणि माहिती म्हणून ते वाक्य केसपेपरवरच्या शब्दाइतकेच मोलाचे असते. शस्त्रक्रियेचा निर्णय या शब्दावर किंवा केवळ ३८ ग्रॅम या आकड्यावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे पुढे देत आहे.

प्रथम व्याख्या पाहू, कारण तिच्यातील प्रत्येक तुकड्याला व्यवहारात अर्थ आहे. इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी या संस्थेने २००२ साली रूढ केलेल्या व्याख्येनुसार, लघवी करण्यासाठी रात्री एक किंवा अधिक वेळा झोपेतून उठावे लागणे म्हणजे नॉक्च्युरिया होय. लघवीच्या आधी झोप असली पाहिजे आणि नंतरही झोप, निदान झोपण्याचा इरादा, असला पाहिजे. त्यामुळे अंथरुणावर पडण्यापूर्वी केलेली लघवी यात धरत नाहीत आणि सकाळी कायमचे उठल्यावर केलेली पहिली लघवीही धरत नाहीत. झोपेतच, नकळत अंथरुणात लघवी होणे ही निराळी तक्रार आहे. तिच्याकडे उत्तराच्या शेवटी येतो.

पुढे या व्याख्येत ‘रात्र’ या शब्दाऐवजी ‘मुख्य झोपेचा काळ’ असा विचार आला आणि किनाऱ्यावर काम करणाऱ्या डॉक्टरला तो फार सोयीचा वाटतो. ट्रॉलरवरचा खलाशी रात्री जाळी ओढतो आणि दिवसा झोपतो. त्याने रात्रभरात पाच वेळा लघवी केली तर तो नॉक्च्युरिया नव्हे, पण दुपारच्या झोपेतून तो तीनदा उठत असेल तर तो नक्की आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत हीच मंडळी रात्री झोपू लागतात आणि ‘अचानक लघवीचा त्रास सुरू झाला’ म्हणून येतात. अशा वेळी मूत्राशयाचा विचार करण्यापूर्वी झोपेच्या वेळा विचारलेल्या बऱ्या.

साठीनंतर एकदा उठणे इतके सर्रास आढळते की त्या व्यक्तीला त्याचा त्रास नसेल तर मी त्यावर उपचार करत नाही. दोन किंवा अधिक वेळा उठावे लागले की झोपेचे तुकडे होऊ लागतात, दिवसा थकवा व चिडचिड जाणवते आणि पडण्याचा धोका वाढतो. चार वेळा उठणे ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही, हे आपले बरोबर आहे.

आता कारणांकडे येऊ. माणूस रात्री उठतो तो मुख्यतः तीन वाटांनी. मूत्रपिंडे रात्री गरजेपेक्षा जास्त लघवी तयार करतात, किंवा लघवीची पिशवी पुरेशी भरण्याआधीच रिकामी होऊ पाहते, किंवा झोपच दुसऱ्या कशाने तरी मोडते आणि जाग आलीच आहे तर जाऊन येऊ म्हणून माणूस उठतो. वयस्क माणसांत या तीनपैकी दोन वाटा एकत्र असणे नेहमीचेच आहे. निरोगी तरुण शरीरात मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रात्री अधिक स्रवते, त्यामुळे लघवी कमी आणि गडद होते, आणि पिशवीत साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर मावत असल्याने सकाळपर्यंत निभावते. वयाबरोबर या संप्रेरकाची रात्रीची वाढ मंदावते, मूत्रपिंडांची लघवी दाट करण्याची ताकद कमी होते आणि पिशवीही पूर्वीइतकी ताणली जात नाही.

यातली कोणती वाट आपल्या वडिलांची आहे हे सोनोग्राफी सांगत नाही. ते सांगणारी तपासणी घरी होते आणि तिला खर्च जवळजवळ नाही. मिलिलिटरच्या खुणा असलेले प्लॅस्टिकचे एक मोजपात्र आणावे, ते केवळ याच कामासाठी वेगळे ठेवावे, आणि सलग तीन दिवस व तीन रात्री प्रत्येक लघवीची वेळ व माप वहीत लिहावे. दिवे मालवून झोपायला गेल्याची वेळ आणि सकाळी कायमचे उठल्याची वेळ लिहावी. प्यायलेले पाणी, चहा, ताक, सोलकढी, पेज यांचा अंदाजही नोंदवावा. याला आम्ही मूत्राशयाची रोजनिशी म्हणतो. गणपतीच्या दिवसांत किंवा लग्नघरात मुक्काम असताना ती लिहू नये, कारण तेव्हाचे खाणेपिणे व जागरण नेहमीचे नसते. वडिलांना रात्री लिहिणे जमणार नसेल तर आईंनी लिहावे. चार ओळींचे काम आहे, पण टाळाटाळ याच कामात सर्वाधिक होते, असा माझा अनुभव आहे.

रोजनिशी वाचताना एक गोम ध्यानात ठेवावी. सकाळची पहिली लघवी ‘उठण्याच्या वेळां’मध्ये धरायची नसली तरी ‘रात्रीच्या मापा’मध्ये धरायचीच असते, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. समजा वडिलांनी रात्री चार वेळा २२०, २५०, २४० आणि २०० मिलिलिटर लघवी केली आणि सकाळी उठल्यावर २९० केली, तर रात्रीचे माप १,२०० झाले. दिवसभराची ७०० असेल तर चोवीस तासांची एकूण १,९०० होते आणि रात्रीचा वाटा ६३ टक्के निघतो. पासष्टीपुढील माणसात हा वाटा ३३ टक्क्यांपेक्षा जास्त असला की त्याला रात्रीची अतिमूत्रता म्हणतात. तरुणांत हीच मर्यादा २० टक्के धरतात. अशा माणसाची पिशवी व्यवस्थित २००-२५० मिलिलिटर साठवते आहे, बिघाड ‘वरून’ येणाऱ्या लघवीच्या प्रमाणात आहे, आणि प्रोस्टेट कापून त्याचे रात्रीचे उठणे थांबणार नाही.

याउलट रात्रीची मापे ८०, १००, ९०, ७० आणि सकाळची ११० अशी निघाली, दिवसाही बारा वेळा जावे लागत असले, आणि एकूण १,८०० पैकी रात्रीचे ४५० म्हणजे २५ टक्केच असले, तर तक्रार पिशवीची किंवा तिच्या तोंडाशी असलेल्या अडथळ्याची आहे. तिसरा एक प्रकार म्हणजे दिवस-रात्र सारखीच भरपूर लघवी होणे. चोवीस तासांत वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २,४०० मिलिलिटरहून अधिक लघवी होत असेल, तर आधी रक्तातील साखर पाहावी. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की ती लघवीवाटे बाहेर पडू लागते आणि पाण्याला सोबत ओढून नेते. लघवीचे प्रमाण वाढणे व ती गढूळ होणे हे आयुर्वेदाने प्रमेहाचे लक्षण मानले, त्यामागचे निरीक्षण हेच असावे. आपल्या वडिलांना मधुमेह नाही असे आपण लिहिले आहे, पण शेवटची तपासणी दोन वर्षांपूर्वीची असेल तर तो ‘नाही’ आज ग्राह्य धरू नये. साखर नॉर्मल असताना इतकी लघवी होत असेल तर अनेकदा सवय कारण असते. पहाटे तांब्याभर पाणी, दिवसाला चार-पाच लिटर पाणी असे व्रत घेतलेले पुष्कळ ज्येष्ठ मला भेटतात आणि त्यांना पाणी कमी करा असे सांगणे हे मद्य सोडा असे सांगण्याइतकेच अवघड जाते.

मात्र कोकणातल्या माझ्या वयस्क रुग्णांत मला जो प्रकार सर्वाधिक दिसतो तो पहिला, म्हणजे रात्रीच्या अतिमूत्रतेचा, आणि त्याचा उगम पुष्कळदा पायांत असतो. दिवसभर बाजेवर किंवा खुर्चीत पाय लोंबते ठेवून बसलेल्या माणसाच्या घोट्यांभोवती पाणी साचते. रात्री तो आडवा झाला की ते पाणी पुन्हा रक्तात येते आणि मूत्रपिंडे ते इमानेइतबारे बाहेर काढतात. आपल्या वडिलांची रक्तदाबाची गोळी कोणती हे आपण लिहिलेले नाही. ती अॅम्लोडिपिन असेल तर याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्या औषधाने घोटे सुजणे हा परिचित दुष्परिणाम आहे आणि १० मिलिग्रॅमच्या मात्रेत तो जास्त दिसतो. प्रोस्टेटची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊनही रात्री चार वेळा उठणारे एक निवृत्त एसटी चालक माझ्याकडे आले होते. धार उत्तम, पिशवी रिकामी होत होती, पण मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ नडगीवर उमटलेला होता. त्यांची गोळी बदलली, जेवणातले मीठ कमी केले आणि दुपारी पाय उंचावर ठेवून पडण्याची सवय लावली. महिन्याभरात ते एकदा, क्वचित दोनदा उठू लागले. त्यांच्या शस्त्रक्रियेआधी कोणी रोजनिशी लिहून घेतली नव्हती. अर्थात रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करण्याचा धोका रात्री चारदा उठण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, तेव्हा बदल डॉक्टरांकडूनच करून घ्यावा.

मिठाचा उल्लेख केला तो थोडा विस्ताराने करणे भाग आहे. जपानमधील नागासाकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली मांडलेल्या अभ्यासात, रोजचे मीठ सरासरी १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलेल्या लोकांचे रात्री उठणे सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आले. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तर दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. आता आपल्या घरचे पावसाळ्यातले रात्रीचे ताट डोळ्यांसमोर आणावे: सुक्या बांगड्याचा तुकडा किंवा सुकटीची किसमूर, लोणच्याची फोड, पापड, आणि वर वाटीभर खारट सोलकढी. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते आणि रात्री मूत्रपिंडांना ते मीठ बाहेर टाकण्यासाठी पाणीही टाकावे लागते. सुके मासे सोडा असे मी कोणाला सांगत नाही, कारण ते कोणी ऐकत नाही. खारा मासा दुपारच्या जेवणात घ्यावा, आधी दोन पाण्यांत भिजवून काढावा आणि त्या दिवशी लोणचे-पापड ताटाबाहेर ठेवावे, एवढे सांगतो, आणि ते बहुतेक ऐकले जाते.

पाणी किती प्यायले याइतकेच ते केव्हा प्यायले हेही महत्त्वाचे असते. बाजारात मासे विकायला बसणाऱ्या बायकांच्या बाबतीत मी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे. बाजारात धड स्वच्छतागृह नसते, म्हणून त्या सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत आणि संध्याकाळी घरी आल्यावर तांबे रिकामे करतात. मग लघवी रात्री होणार हे ओघाने आलेच. आपल्या वडिलांसाठी सांगायचे तर पाण्याचा मोठा भाग दुपारी चारपर्यंत संपवावा, संध्याकाळच्या चहाचा दुसरा कप बंद करावा आणि झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत गोळीपुरतेच पाणी घ्यावे. मद्य व्हॅसोप्रेसिनला दाबते, त्यामुळे माडी किंवा फेणी ‘झोप लागावी म्हणून’ घेणाऱ्याला ती झोप लघवीच मोडते. दिवसभराचे एकूण पाणी मात्र फार घटवू नये, विशेषतः एप्रिल-मेच्या घामात, नाहीतर मुतखड्याला आमंत्रण मिळेल.

पायांना सूज असण्याचे कारण गोळी नसून हृदयाची क्षीणता, मूत्रपिंडांचा विकार किंवा यकृताचा आजारही असू शकतो. जिना चढताना दम लागणे, सपाट झोपल्यावर गुदमरणे अशी लक्षणे सोबत असतील तर ईसीजी, टू-डी इको व क्रिएटिनिन या तपासण्या लघवीच्या कोणत्याही औषधाच्या आधी व्हाव्यात. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिची वेळही तपासावी. फ्युरोसेमाइड रात्रीच्या जेवणानंतर घेतले जात असल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. तीच गोळी झोपेच्या सुमारे सहा तास आधी, म्हणजे दुपारी तीन-चारला दिली तर पायांतले पाणी संध्याकाळीच निघून जाते.

आणखी एक कारण आईंना विचारल्याशिवाय कळणार नाही. वडील मोठ्याने घोरतात का, घोरता घोरता श्वास काही क्षण थांबतो का, आणि दचकून पुन्हा सुरू होतो का? झोपेत श्वास अडण्याच्या या विकारात बंद श्वासमार्गाविरुद्ध छाती श्वास ओढत राहते, छातीतील दाब घटतो, हृदयाचे कप्पे ताणले जातात, आणि ताणलेल्या कप्प्यांतून एक संप्रेरक स्रवते, जे मूत्रपिंडांना मीठ व पाणी बाहेर टाकण्याचा आदेश देते. माणसाला वाटते की आपण लघवीमुळे जागे झालो, पण बिघाड असतो घशात. श्वासाचे यंत्र लावल्यावर ज्यांचे लघवीला उठणे निम्म्याहून कमी झाले असे रुग्ण मी पाहिले आहेत.

आता प्रोस्टेट. एकाहत्तराव्या वर्षी ३८ ग्रॅमची ग्रंथी असणे यात नवल नाही. ग्रंथीचा आकार आणि त्रासाची तीव्रता यांचा मेळ बसतोच असे नाही. ६० ग्रॅमची ग्रंथी घेऊन रात्रभर झोपणारे आहेत आणि २५ ग्रॅमच्या ग्रंथीने हैराण झालेलेही आहेत. विचारायचे ते वेगळे असते: लघवी सुरू व्हायला थांबावे लागते का, धार बारीक व तुटक आहे का, झाल्यावरही पिशवी भरलेली वाटते का. सोनोग्राफीच्या कागदावर ग्रॅमच्या आकड्यापेक्षा मी आधी शोधतो तो लघवी केल्यानंतर पिशवीत उरलेल्या लघवीचा आकडा. तो २०-३० मिलिलिटर असेल तर घाई कसलीच नाही. तो काहीशे मिलिलिटर असेल तर चित्र पालटते. दिवसाची धार, अडथळा यांवर शस्त्रक्रियेचा गुण चांगला येतो, पण रात्रीचे उठणे हेच तिच्यानंतर सर्वांत कमी सुधारणारे लक्षण आहे. केवळ तेवढ्यासाठी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे.

अडथळ्याची लक्षणे असतील तर टॅम्सुलोसिनसारखी औषधे पिशवीच्या तोंडाचे स्नायू सैल करतात. ही औषधे ज्या कुळातली, त्याच कुळातल्या प्राझोसिनचा वापर विंचूदंशावर करून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातले असंख्य जीव वाचवले, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. या कुळाचा दोष असा की उठून उभे राहताच रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते, आणि रात्री उठणाऱ्या माणसाला नेमके तेच परवडत नाही. पिशवी चंचल असेल तर सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन ही औषधे देतात, मात्र पिशवीत किती लघवी उरते हे पाहिल्याखेरीज सोलिफेनासिनसारखे औषध सुरू करू नये, लघवी पूर्ण अडण्याचा धोका असतो. व्हॅसोप्रेसिनसारखे काम करणारे डेस्मोप्रेसिन रात्रीच्या अतिमूत्रतेवर उपयोगी पडते खरे, पण पासष्टीपुढे ते रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या उतरवू शकते. ते द्यायचेच ठरले तर सोडियम आधी, पहिल्या आठवड्यात आणि महिनाभराने तपासावे लागते. जवळच्या प्रयोगशाळेत सोडियम होत नसेल तर मी हे औषध लिहीत नाही.

कारण सापडेपर्यंत वडील रात्री उठणारच आहेत, म्हणून घराकडे पाहावे. आपल्याकडच्या जुन्या घरांत न्हाणीघर व संडास मागीलदारी असतात, वाटेवर चिऱ्याच्या पायऱ्या, पावसात त्यांवर शेवाळ, वीज गेलेली, आणि फुरशाची भीती वेगळीच. मांडीचे हाड मोडून आलेल्या ज्येष्ठांना ‘कसे पडलात’ असे विचारले की ‘लघवीक उठलंय’ हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता मी आधी तोच प्रश्न करतो. पलंगाशेजारी झाकणाचे लघवीचे भांडे ठेवावे, बॅटरीवरचा दिवा असावा, उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेवर बसून मगच उभे राहावे आणि लघवी बसून करावी. भांड्याची लाज वाटते अशी पुरुषांची तक्रार असते. तीन दिवस मोजायचेच आहे, या निमित्ताने ते एकदा खोलीत आले की सहसा परत जात नाही.

लघवीतून रक्त जाणे, थंडी वाजून ताप, वजन घटणे, कंबरेत नव्याने सुरू झालेले व रात्री वाढणारे दुखणे, लघवी पूर्ण बंद होणे, यांपैकी काहीही असेल तर रोजनिशीसाठी तीन दिवस थांबू नये. आणि वर राहून गेलेली गोष्ट: म्हाताऱ्या पुरुषाला नव्याने अंथरुणात लघवी होऊ लागली, तर तो वयाचा दोष समजून रबरी चादर आणू नये. तुडुंब भरलेल्या पिशवीतून ती पुष्कळदा ओसंडत असते, तिचा दाब मूत्रपिंडांवर जाऊन ती निकामी होऊ शकतात, आणि बहुधा त्या माणसाला दुखत काहीच नसते. आईंना फोन करून आधी एवढे विचारावे. उत्तर ‘होय’ असेल तर त्याच दिवशी मूत्ररोगतज्ज्ञांकडे न्यावे. ‘नाही’ असेल तर मोजपात्र व वही पाठवावी, आणि भेटीला जाताना वहीसोबत वडिलांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, गावठी काढे व चूर्णांसकट, एका पिशवीत घालून न्याव्यात.